शेवटची गाडी कधी चार्ज झाली, ते दाखवा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

विजेच्या मोटारींबद्दल वर्तमानपत्रात काही छापून आलं की मी ते आवर्जून वाचते. अशा बातमीत चार्जिंग स्टेशनांचा आकडा हमखास असतो. आजवर इतकी झाली, पुढच्या वर्षापर्यंत इतकी होणार. ज्याला विजेची गाडी घेऊन दूरच्या प्रवासाला निघायचंय, त्याच्या फारसा कामाचा हा आकडा नाही. बॅटरीत पंधरा-वीस टक्के उरलेले असताना तो ज्या चार्जरपाशी जाऊन थांबेल, त्या चार्जरमधून त्याच्या गाडीत वीज गेली पाहिजे, एवढंच त्याचं मागणं असतं. ती जाईल की नाही, हे त्याला आधी कळायची सोय आज नीटशी नाही. ती करता येण्यासारखी आहे, आणि त्यासाठी नवं यंत्र बसवावं लागत नाही. म्हणून हे पत्र.

माझी सगळी नोकरी दूरध्वनी केंद्राच्या देखभाल विभागात झाली. निवृत्तीनंतर आम्ही विजेची गाडी घेतली. यजमानांचे गुडघे आता साथ देत नाहीत, त्यामुळे गाडी मीच चालवते. मुलगी लांब राहते, तिच्याकडे जायला पूर्ण दिवस लागतो आणि वाटेत चार्जिंगसाठी थांबावंच लागतं. असे प्रवास आम्ही बरेच केले आहेत आणि यापुढेही करणार आहोत. गाडीवर मी अतिशय खूश आहे.

लोक मला पहिला प्रश्न हाच विचारतात, "वाटेत बॅटरी संपली तर?" बॅटरी अशी न सांगता संपत नाही. किती टक्के उरले आणि त्यात किती किलोमीटर जाता येईल, हे समोर सतत दिसत असतं. तो अंदाज कशाने हलतो, तेही थोड्या सरावाने कळतं. वेग हे सगळ्यांत मोठं कारण. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी 90 किलोमीटरवरून 120 वर गेलं की तो जवळपास पावणेदोन पट होतो. समोरून वारा असेल, लांबलचक चढ असेल, कडाक्याची थंडी असेल, तर आणखी वीज लागते. उतारावर थोडी परतही मिळते. अंतर, चढ, वेग एवढं धरून हिशोब मांडला की तो सहसा चुकत नाही.

चार्जिंगच्या वेळेचा हिशोबही असाच मांडता येतो, फक्त तो पाटीवरच्या आकड्यावरून मांडू नये. समजा गाडीची बॅटरी 60 युनिटची आहे. 10 टक्क्यांपासून 80 टक्क्यांपर्यंत जायला 42 युनिटं लागतात. चार्जरवर 120 किलोवॅट लिहिलेलं आहे म्हणून ती वीस-एकवीस मिनिटांत भरतील असं कोणी समजेल. पण किती वीज घ्यायची हे गाडी ठरवते. गाडीतली बॅटरी सांभाळणारी यंत्रणा क्षणाक्षणाला चार्जरकडे मागणी नोंदवते आणि चार्जर तेवढीच देतो, त्याची क्षमता कमी असेल तर त्याहूनही कमी. त्यातून एकाच चार्जरच्या दोन गनांना (गाडीत खुपसायच्या केबलच्या टोकाला गन म्हणतात) दोन गाड्या लावलेल्या असल्या की बऱ्याच ठिकाणी ते 120 किलोवॅट दोघींत वाटले जातात.

बॅटरी भरत जाते तसा चार्जिंगचा वेगही उतरतो, आणि ते गाडीच्या भल्यासाठीच असतं. चार्जिंगच्या वेळी लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, बॅटरीतल्या ग्रॅफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात. सुरुवातीला जागा मोकळी असते. पुढे जागा कमी होत जाते, आणि तेव्हाही तोच जोर लावला तर लिथियम आत न शिरता पृष्ठभागावरच धातूच्या रूपात साचू लागतं. त्याने बॅटरीचं कायमचं नुकसान होतं. हे टाळायला गाडी मागणी कमी करत जाते. शेवटचे वीस टक्के भरायला कधी कधी आधीच्या सत्तर टक्क्यांइतका वेळ जातो. म्हणून लांबच्या रस्त्यावर 100 टक्क्यांची वाट बघत बसू नये. दोनदा थोडं थोडं थांबणं हे एकदाच खूप वेळ थांबण्यापेक्षा लवकर पोहोचवतं. पूर्ण भरायची असेल तर ती रात्री, मुक्कामाच्या जागी, साध्या, कमी ताकदीच्या चार्जरवर सावकाश भरावी.

हे सगळं माणूस आठवडाभरात शिकतो. प्रवासाला निघताना मी कागदावर थांबे लिहून काढते आणि प्रत्येक थांब्यापुढे जवळचा दुसरा पर्यायही लिहिते. एवढं करूनही एक गोष्ट हिशोबात धरता येत नाही. चार्जर कंपनीच्या ॲपमध्ये 'मोकळा आहे' असं सांगणारा हिरवा ठिपका दिसत असताना चार्जर प्रत्यक्षात चालतो की नाही, हे तिथे पोहोचेपर्यंत कळत नाही.

अशाच एका संध्याकाळी आम्ही मोठ्या पार्किंगच्या अगदी टोकाला असलेल्या चार्जरपाशी पोहोचलो. ॲपमध्ये दोन्ही गन मोकळ्या दिसत होत्या. मी पहिली गन लावली. लॉक बसल्याचा आवाज आला, पडद्यावर तपासणी सुरू असल्याचा संदेश आला. गाडी आणि चार्जर यांचं आधी आपसात बोलणं होतं, मग केबलचं इन्सुलेशन ठीक आहे की नाही ते तपासलं जातं, आणि त्यानंतरच रिले, म्हणजे आतला विजेवर चालणारा स्विच, जोडून वीज सोडतात. हा क्रम मला माहीत आहे, त्यामुळे मी रिलेच्या आवाजाची वाट बघत उभी होते. तो आलाच नाही. मिनिटभराने पडद्यावर सत्र संपल्याचं दिसलं, दिलेली वीज शून्य युनिट. पुन्हा तेच, पुन्हा शून्य. दुसऱ्या गनची केबल आमच्या गाडीच्या सॉकेटपर्यंत पोहोचेना, म्हणून गाडी वळवून पलीकडून लावली. तिचा पडदाच मेलेला होता.

मी हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडचा मुलगा अतिशय नम्र होता. म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे तर दोन्ही अव्हेलेबल दिसतायत."

मी म्हटलं, "ते असू द्या. या पहिल्या गनवरून शेवटचं चार्जिंग कधी झालंय, तेवढं बघून सांगता का?"

थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "मागच्या आठवड्यात झालंय, मॅडम. त्यानंतर आहेत बरीच, पण सगळी शून्य युनिटची."

संपादक महोदय, माझं म्हणणं या एका उत्तरात आहे. आमच्या आधी कितीतरी गाड्या तिथे येऊन, गन लावून, निराश होऊन गेल्या होत्या. त्या प्रत्येकीची नोंद त्या कंपनीच्या सर्व्हरवर होती. विचारल्याबरोबर ती त्या मुलाला दिसली. आम्हाला मात्र हिरवा ठिपका दाखवला जात होता. तिथून आम्ही गाडीतला एसी बंद करून, कमी वेगाने, यादीतल्या दुसऱ्या पर्यायापर्यंत गेलो. पोहोचलो. पण यजमानांच्या चेहऱ्यावरची काळजी मला गाडी चालवताना दिसत होती, आणि ती काळजी कोणाच्याही वाट्याला येण्याचं कारण नव्हतं.

हिरवा ठिपका असा का फसवतो, हे समजून घेण्यासारखं आहे. बहुतेक सार्वजनिक चार्जर सर्व्हरशी ओसीपीपी नावाच्या खुल्या प्रोटोकॉलने, म्हणजे संदेशांच्या ठरलेल्या भाषेत, बोलतात. ठरावीक वेळाने चार्जर 'मी आहे' असा संदेश पाठवतो, त्याला हार्टबीट म्हणतात. गनला गाडी लागलेली नसेल आणि चार्जरला स्वतःत काही दोष जाणवत नसेल, तर तो आपली स्थिती 'अव्हेलेबल' अशी कळवतो. म्हणजे यंत्र चालू आहे, नेटवर्कला जोडलेलं आहे आणि जागा मोकळी आहे. गनची पिन वाकलेली असली, पडदा गेलेला असला, पैसे भरायची व्यवस्था अडलेली असली, गाडीशी बोलताना दर वेळी एकाच टप्प्यावर गाडं अडत असलं, तर यातल्या कितीतरी गोष्टी चार्जरला आपणहून कळतच नाहीत. त्या कळतात गाडी लावणाऱ्याला.

टेलिफोनमध्ये आम्ही याच प्रश्नावर उभं आयुष्य काढलं. टेस्ट डेस्कवर लाइन मोजली की माप बरोबर यायचं, आणि ग्राहकाच्या रिसीव्हरमध्ये मात्र डायल टोन नसायचा. आमच्या वरिष्ठांनी पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं की ग्राहकाशी त्याच्याच फोनवर बोलणं झाल्याशिवाय तक्रार बंद करायची नाही. डेस्कवर 'लाइन ओके' लिहिलेलं असलं तरी नाही. हाच नियम मला चार्जरला लावलेला हवा आहे.

हे माझ्या एकटीच्या अनुभवावरून मी म्हणत नाही. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरातल्या 181 सार्वजनिक स्टेशनांवर जाऊन संशोधक डेव्हिड रेम्पेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 657 फास्ट चार्जर गन तपासल्या. त्यांचा अभ्यास 2022 साली समोर आला. कसोटी अगदी साधी ठेवली होती, गाडीला दोन मिनिटं वीज मिळाली की गन चालू धरायची. एवढ्यावरही 72.5 टक्केच गन उतरल्या. बाकीच्यांत पडदा बंद असणं, पैसे न स्वीकारणं, चार्जिंग सुरूच न होणं, नेटवर्क नसणं, कनेक्टर तुटलेला असणं असे दोष होते. काही ठिकाणी तर केबलच आखूड होती. त्याच काळात चार्जर चालवणाऱ्या कंपन्या 95 ते 98 टक्के वेळ सेवा चालू असल्याचं सांगत होत्या. दोन्ही आकडे एकाच यंत्रांचे आहेत. कंपनी खुर्चीत बसून मोजत होती, आणि रेम्पेल यांची माणसं गन हातात घेऊन.

सरकारांनी या बाबतीत काहीच केलं नाही असं नाही. अमेरिकेने 2023 मध्ये सरकारी मदतीच्या चार्जरसाठी 97 टक्के वेळ चालू राहण्याची अट घातली. ऐकायला हे भरघोस वाटतं, पण उरलेल्या तीन टक्क्यांत वर्षातले जवळपास अकरा दिवस बसतात. शिवाय वीजपुरवठा खंडित होणं, तोडफोड, ठरवून केलेली देखभाल ही कारणं मोजणीतून वगळलेली आहेत. वगळणं समजण्यासारखं आहे, दोष कंपनीचा नसतो. प्रवाशाला मात्र त्या दिवशीही वीज मिळत नाहीच. ब्रिटनने त्याच वर्षी केलेल्या नियमांत वेगवान चार्जरच्या जाळ्यासाठी 99 टक्क्यांची सरासरी मागितली आणि चोवीस तासांची मोफत हेल्पलाइन सक्तीची केली. युरोपीय संघाचा नियम एप्रिल 2024 पासून लागू झाला. त्यात मुख्य महामार्गांवर दर 60 किलोमीटरच्या आत मोटारींसाठी वेगवान चार्जिंगची सोय असावी आणि कुठल्याही कंपनीचं सदस्य न होता तिथेच पैसे देता यावेत, असं म्हटलं आहे. सगळी पावलं चांगली आहेत. ब्रिटनची हेल्पलाइनची सक्ती तर मला फारच आवडली. तरीही टक्केवारी ही वर्षाअखेरची गोष्ट आहे. मला हवं ते उत्तर निघायच्या आधी, आणि त्या एका गनबद्दल.

म्हणून माझी मागणी एकच आहे. प्रत्येक गनच्या नावापुढे तिच्यावरून शेवटचं यशस्वी चार्जिंग कधी झालं आणि त्यात किती युनिटं गेली, हे ॲपमध्ये उघड दाखवावं. 'चाळीस मिनिटांपूर्वी, 31 युनिट' असं दिसलं की मी निश्चिंत तिकडे गाडी वळवीन. 'सहा दिवसांपूर्वी' असं दिसलं आणि त्यानंतर शून्याच्या नोंदींची रांग दिसली, तर मी दुसरीकडे जाईन. ज्या आडवाटेच्या गनवर मुळात गाड्याच कमी येतात, तिथे शून्याची रांग नसेल, नुसता खंड असेल. तो फरक बघणाऱ्याला लगेच कळतो. गाडीवाल्याचं नाव, नंबर, काहीही उघड करायची गरज नाही.

यासाठी लागणारी माहिती आजही गोळा होते आहे. चार्जिंग सुरू झालं की मीटरचं वाचन सर्व्हरकडे जातं, संपलं की पुन्हा जातं, आणि का संपलं याचं कारणही सोबत जाऊ शकतं. गाडी काढून घेतली, वीज गेली, कोणी आणीबाणीचं लाल बटण दाबलं, असं ते कारण असतं. पैशांचं बिल याच वाचनांवरून निघतं, म्हणजे ही नोंद कंपनीला ठेवावीच लागते. त्यातले दोन रकाने प्रवाशापुढे ठेवायचे, एवढंच काम आहे. आज हेच काम प्रवासी हाताने करतात. प्लगशेअरसारख्या ॲपवर अनोळखी माणसं लिहून ठेवतात की इथली डावी गन चालली, उजवी चालत नाही. अशा नोंदींनी मला अनेकदा वाचवलं आहे, आणि गाडी चार्जला लावली की मीही न विसरता लिहिते. पण जे काम सर्व्हर आपोआप करू शकतो, ते वाटसरूंच्या चांगुलपणावर कशाला सोडायचं?

दुरुस्तीलाही याने वेग येईल असं मला देखभालीच्या कामावरून वाटतं. चार्जर एकाने बनवलेला असतो, चालवतो दुसरा, जागा तिसऱ्याची असते आणि वीज देणारी कंपनी चौथी. बिघाड झाला की कोणी कोणाला कळवायचं यातच दिवस जातात. पंख्याच्या जाळीत धूळ बसून चार्जर तापतो आणि निम्म्या ताकदीने चालतो. कोणीतरी लाल बटण दाबून जातं आणि ते जागेवर येऊन सोडवेपर्यंत यंत्र ठप्प राहतं. यातल्या पुष्कळ गोष्टी तासाभरात होण्यासारख्या आहेत. शून्य युनिटची तिसरी नोंद झाली की तंत्रज्ञाला आपोआप निरोप जावा आणि तोपर्यंत ठिपका पिवळा व्हावा. एक्स्चेंजमध्ये अशा सूचना आम्ही खूप जुन्या यंत्रांवरही लावलेल्या होत्या.

नवी स्टेशनं उभारणाऱ्यांना आणखी एक सांगायचंय. रस्त्यावर दहा ठिकाणी एकेक गन लावण्यापेक्षा तीन ठिकाणी चार-चार लावाव्यात. चारपैकी एक बंद असण्याची शक्यता धरली, तर एकट्या गनपाशी पोहोचणाऱ्या दर चारांतला एक प्रवासी अडकतो. चार गन असतील तर चारही बंद सापडण्याची वेळ क्वचितच येईल. अर्थात वीज किंवा नेटवर्कच गेलं तर चारही एकदम जातात, म्हणून हा इलाज पूर्ण नाही. पण चार गन असल्या की रांग लागली तरी ती पुढे सरकते, हाही फायदा आहे. रांग असताना 80 टक्क्यांपुढे गाडी लावून ठेवणाऱ्यांनी ती काढून घ्यावी, हे मात्र कुठलाही नियम न लागता व्हायला हवं.

आणि जागा माणसांसाठी आखा. वेगवान चार्जरची केबल जाड आणि जड असते, थंडीत आणखी ताठ होते. माझे यजमान काठी घेऊन चालतात, त्यांना ती गन उचलणं शक्यच नाही. चार्जरभोवती उंच कट्टा आणि लोखंडी खांब, पडदा नेमका उन्हाच्या तोंडाशी, वर छप्पर नाही, रात्री दिवा नाही, असं मी पुष्कळ ठिकाणी पाहिलं आहे. अंधाऱ्या कोपऱ्यात एकटी बाई अर्धा-पाऊण तास थांबणार कशी, हा विचार आखणी करताना कोणी केलेला दिसत नाही. ब्रिटनच्या मानक संस्थेने 2022 मध्ये अपंग आणि वृद्ध प्रवाशांना वापरता येतील अशा चार्जरसाठी पीएएस 1899 हे मानक काढलं. त्यात जागेची रुंदी, पडद्याची उंची, केबल हाताळायला लागणारा जोर असा सगळा विचार आहे. मानक तयार आहे, ते उघडून बघायला हरकत नसावी.

शेवटी आपल्या वार्ताहरांना विनंती. नव्या चार्जिंग स्टेशनच्या उद्घाटनाची बातमी जरूर द्यावी, पण सहा महिन्यांनी विजेची गाडी घेऊन पुन्हा तिथे जावं. प्रत्येक गन स्वतः लावून बघावी, निदान दोन मिनिटं. हेल्पलाइनला फोन करून शेवटच्या यशस्वी चार्जिंगची तारीख विचारावी. आणि त्या दिवशी किती गनांमधून प्रत्यक्ष वीज आली, तो आकडा स्टेशनांच्या एकूण आकड्याशेजारी छापावा.

आपली,
एक वाचक
(निवृत्त, दूरध्वनी केंद्र, देखभाल विभाग)